मासोळ्यांची ताटली

नृसिंहनं मासोळ्यांची ताटली भिंतीवरून उतरवली तेव्हा संयोगिता म्हणाली, "हो." मग पुन्हा "हो, हो" म्हणाली आणि तिच्या डाव्या हाताचा धक्का लागून टेबलावरचा चहाचा कप आडवा झाला. चहा टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन खाली ठिबकायला लागला. एका हातात ताटली धरून दुसऱ्या हातानं फडकं शोधता शोधता त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती रडत होती. आवाज नव्हता, चेहराही फारसा हलत नव्हता, नुसतं पाणी येत होतं. त्यानं ताटली टेबलावर ठेवली. तिनं लगेच डावा हात तिच्यावर पसरून ठेवला, झाकण ठेवावं तसा.

"अगं, काल विचारलं तर हो म्हणालीस की," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिला झटका आला होता. उजवा पाय दोन-तीन महिन्यांत बराचसा परत आला, हात अजून लोंबतच होता, आणि शब्द परत येताना वाट चुकले होते. पाणी पाहिजे असलं की ती 'पंखा' म्हणायची, पंखा पाहिजे असला की कपाळावर आठ्या घालून गप्प बसायची. राजारामपुरीच्या पाचव्या गल्लीतल्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काका, त्यांना आतून सगळं कळतं. तोंडातून दुसरंच बाहेर पडतं. हो आणि नाही यांची तर हमखास अदलाबदल होते. एका वेळी एकच प्रश्न विचारा, घाई करू नका." तेव्हापासून तो एका वेळी एकच प्रश्न विचारत आला होता. भूक लागली? पाठ दुखते? खिडकी लावू? तिचं हो आलं की तिच्या डोळ्यांकडं बघायचं, भुवया कुठं जातात ते बघायचं आणि मग ठरवायचं की हे हो आहे की नाही. बहुतेक वेळा जमायचं. काल जमलं नव्हतं, कारण काल त्यानं तिच्या डोळ्यांकडं बघितलंच नव्हतं. मनात आधीच ठरलेल्या उत्तराला तो नुसता होकार मागत होता.

पुण्याच्या ऋतानं ती ताटली एका फोटोच्या कोपऱ्यात पाहिली होती. ऋता हॉटेलांच्या भिंती सजवून द्यायची आणि वर्षभरात तिच्याइतका माल त्यांच्याकडून दुसऱ्या कुणी घेतला नव्हता. नृसिंहनं विकायला काढलेल्या आरशाच्या चौकटीचा फोटो फोनवर टाकला होता; आरशात मागची भिंत आली होती, आणि भिंतीवर ही: हिरव्या काठाची, दुधी रंगाची, मधे उठावाच्या दोन तांबूस मासोळ्या एकमेकींच्या शेपटीकडं तोंड करून फिरताहेत. ऋताचा फोन लगेच आला. "काका, ती मागची प्लेट मला हवीय. पूर्ण भिंत मी तिच्याभोवती करणार आहे. तुम्ही सांगाल ती किंमत." त्यानं भीतभीत जी किंमत सांगितली तिला ती लगेच हो म्हणाली. तिचं हो हे हो होतं. एवढ्या पैशात संयोगिताच्या हाताच्या व्यायामाची कितीतरी महिन्यांची सोय होत होती आणि त्यानं आगाऊ रक्कम घेऊनही टाकली होती.

हा धंदा मुळात तिचा. पतपेढीत कारकून असताना एका भंगारवाल्याच्या गाड्यावर तिला चिनी मातीचा पोपट दिसला. पाठ सपाट, पोट फुगीर, भिंतीला टांगायला मागं भोक. चोच थोडी उडालेली. तिनं तो घरी आणला, धुतला, खिडकीपाशी उन्हात ठेवून फोटो काढला आणि फोनवर टाकला. हैदराबादच्या कुणीतरी तो मागवला तेव्हा ती त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना मधूनमधून एकटीच हसत होती. नृसिंह तेव्हा शिरोलीच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत सुपरवायझर होता. अंगाला जळक्या वाळूचा वास घेऊन घरी यायचा आणि सोफ्यावर पसरून म्हणायचा, "लोकांच्या अडगळीतनं तू सोनं काढतीस की." ती म्हणायची, "अडगळ तुमच्या डोळ्यात हाय." ते दोघांचं ठरलेलं बोलणं होतं, त्यात राग नव्हता. तिनं आपल्या दुकानाला 'भिंतीवरचं' असं नाव दिलं. दुकान म्हणजे नुसतं फोनमधलं एक पान. सुट्टीच्या दिवशी ती निपाणीला जा, गडहिंग्लजला जा, कुठं जुनं घर उतरवणाऱ्या ठेकेदाराला गाठ, कुठं बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत शीर, असं करत टांगायच्या ताटल्या, फुलांच्या उठावाच्या फरशा, सपाट पाठीचे पक्षी घेऊन यायची. स्वस्तात घ्यायची, चांगल्या भावानं विकायची, आणि नफ्याची तिला कधी लाज वाटली नाही. "मी नसते नेलं तर रस्त्याच्या भरावात गेलं असतं," एवढंच ती म्हणायची.

तिला झटका आल्यावर त्यानं नोकरी सोडली. करायचं काय हे त्याला माहीत नव्हतं. बेडरूममध्ये पलंगाखाली खोकी होती, गॅलरीत खोकी होती, तिच्या फोनवर लोकांचे निरोप येऊन पडत होते. एके दुपारी त्यानं एक खोकं उघडून तिच्यापुढं टेबलावर ताटल्या मांडल्या, केवळ तिला बरं वाटावं म्हणून. तिनं डाव्या हाताच्या नखानं पहिल्या ताटलीला टिचकी मारली. टण्ण वाजलं. तिनं ती उजवीकडं सरकवली. दुसरी ठस्स वाजली, ती डावीकडं. नृसिंह बघत राहिला. तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं, फक्त हातोडीनं आणि लोखंडावर. न दिसणारी चीर असली की कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड, बद्द वाजतं, धड असलं की गातं. इतकी वर्षं एका घरात राहून दोघांचे कान एकच काम करत होते आणि हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यापुढं धंदा दोघांचा झाला. ती वाजवून बघायची, तो धुऊन पुसून फोटो काढायचा, खोक्यात कागदाच्या बोळ्यांचं अंथरूण करून माल बसवायचा. ज्या हातांना वितळलेल्या लोखंडाच्या झळा माहीत होत्या ते हात सशाचं पिल्लू धरावं तसे चिनी मातीचे पक्षी धरायला शिकले. घर चाललं. सकाळी देवापुढं उभं राहिल्यावर तो काही मागायचा नाही; ती उठून बसली, जेवली, टिचकी मारते, एवढ्याचीच मनात उजळणी व्हायची.

आता तीच त्याच्याकडं ओल्या डोळ्यांनी बघत होती आणि काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं. "विकू नको?" त्यानं विचारलं. "हो." "म्हणजे विकू?" "हो." "ठेवायची आहे का?" तिनं मान हलवली, ती धड आडवी नव्हती की उभी नव्हती. मॅडमनी शिकवल्याप्रमाणं त्यानं तिला अंगठा वर-खाली करून दाखवायला सांगितलं. तिनं अंगठ्याकडं असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "तुझ्या आईची आहे? कुणाला द्यायची आहे? फुटकी आहे?" प्रश्नामागून प्रश्न जात राहिले आणि तिचा चेहरा बंद होत गेला, दुकानाचं शटर खाली यावं तसा. शेवटी तिनं एका हातानं ताटली उलटी केली. मागं टांगायची तार होती, गंजलेली, आणि गंज भिंतीला लागू नये म्हणून तिच्यावर कुणीतरी जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी गुंडाळली होती. संयोगितानं त्या चिंधीवर बोट ठेवलं. "बा," ती म्हणाली. "बा. बा." त्याला वाटलं बाथरूमला जायचं आहे. तो तिला उठवायला गेला तर तिनं त्याचा हात झटकला. "बा... भाकरी."

भाकरी हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि त्याला मुरगूडची खानावळ आठवली. बयाबाईंची. बाजारपेठेतली ती खानावळ बंद होणार म्हणून संयोगिता तिथं गेली होती, झटक्याच्या आदल्या वर्षी. भिंतभर ताटल्या होत्या म्हणे. संध्याकाळी ती टेम्पोतून आली, सगळी खोकी त्यानंच वर चढवली होती. ती फार दमलेली दिसत होती. "सौदा चांगला झाला," एवढंच म्हणाली आणि हाताला खोबरेल लावून झोपली. त्या खोक्यांतलं सगळं पुढं विकलं गेलं. ही एकच तिनं स्वतः खिळा ठोकून जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगली आणि त्यानं कधी का विचारलं नाही, घरात भिंत आहे म्हटल्यावर तिच्यावर काहीतरी असणारच.

दुसऱ्या दिवशी घरकामाला येणाऱ्या तानाबाईंना त्यानं संयोगिताजवळ थांबायला सांगितलं आणि मोटारसायकल काढली. कागल सोडल्यावर रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. एकामागून एक ट्रॉल्यांना मागं टाकत जाताना त्याच्या डोक्यात ताटलीच होती. ताटली बयाबाईंनी नुसती सांभाळायला दिली असेल तर? मग दुसऱ्याची वस्तू आपण विकून बसलो. की संयोगिताचं त्यांच्याशी काही ठरलं होतं, जे आता तिच्या आत अडकून पडलंय? तिच्या डोक्यात अख्खं गाव वसलेलं आहे आणि आपण वेशीवर उभं राहून हाका मारतोय, असं त्याला गेले कित्येक महिने वाटत आलं होतं. आज निदान त्या गावातली एक वाट बाहेरच्या बाजूनं सापडायची शक्यता होती.

खानावळीच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. बयाबाई मागच्या बोळात लेकीकडं राहत होत्या. सत्तरी ओलांडलेली, ठसठशीत बाई. दारातच सूप घेऊन शेंगा निवडत बसलेली. त्यानं नाव सांगितलं, राजारामपुरीतल्या संयोगिताचा नवरा म्हणून सांगितलं.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "बसा की पावणं. लई दिसांनी याद झाली आमची. तिला किती फोन लावलो, उचलंना झाली. म्या म्हटलं, काम झालं, इसरली बाई."

त्यानं सगळं सांगितलं. झटका, हात, शब्द. त्या सूप बाजूला ठेवून ऐकत राहिल्या. मधेच पदर तोंडाला लावला. मग त्यानं ताटलीचं विचारलं.

"ती व्हय, मासोळ्यांची. आमचे मालक टरकावर डायवर व्हते. घरातनं भांडून गेलं की येताना एक ताटली आनायचे. तोंडानं कवा चुकलं म्हनले न्हाईत, ताटली म्होरं ठेवायचे. भिंत भरली अशानं." त्या थोड्या हसल्या. "खानावळ मोडायची ठरली तवा तुमची बायको आली. सगळ्या ताटल्यांचा दाम दिला रोख. जायला निघाली आन त्याच दिवशी माझी कंबर धरली. हलता येईना. दुपारच्याला गिऱ्हाईक यायला लागलं. त्यास्नी काय ठावं, शेवटचा दिस हाय ते. यष्टीतली मानसं, बाजाराची मानसं. म्या म्हटलं परत धाडा सगळ्यांस्नी. ही म्हनली, मावशी, शेवटच्या दिवशी कुनी उपाशी जायचं न्हाय. पदर खोचला आन चुलीम्होरं बसली. तीन वाजंस्तवर भाकरी थापत व्हती. हाताला फोड आलं. तुमास्नी सांगितली असंल की."

"न्हाय," नृसिंह म्हणाला. "काहीच बोलली न्हाय."

"बोलायसारखं काय त्यात," बयाबाई म्हणाल्या. "जाताना म्या भिंतीवर राहिल्याली ती मासोळ्यांची उतरवून तिच्या हातात दिली. ती पैसं द्याय लागली. म्हटलं, ह्येचं घ्यायचं न्हाईत. बाकीच्या तू इकत घेतल्यास, ही म्या देतो. तर दारात उभी राहून रडली. म्हनली, मावशी, माझ्या घरात ह्या धंद्यातली एक बी वस्तू माझी न्हाय, सगळी दुसऱ्याच्या भिंतीला जायची. ही माझी."

बोळातून कुणीतरी शेळी ओढत नेत होतं. नृसिंहला काही क्षण वर बघवेना. हाताला लावलेल्या खोबरेलाचा वास त्याला आत्ता, इतक्या काळानं, लख्ख आला. त्याच्या घरात राहणारी बाई कुठल्या अनोळखी माणसांसाठी चुलीपुढं बसली होती आणि घरी येऊन सौदा चांगला झाला म्हणाली होती. खोटं बोलली नव्हती. तिनं सांगितलं नाही याचं दुखेल असं त्याला वाटलं होतं, तसं दुखत नव्हतं. उलट छाती रुंद होत होती, जशी भट्टीपासून दूर होऊन बाहेरच्या वाऱ्यात आल्यावर व्हायची. हे आपल्याला कधीच कळलं नसतं. ऋतानं ताटली मागितली नसती, चहा सांडला नसता, तर हे या बोळातच राहून गेलं असतं.

"आता तुमची वस्तू हाय. इका न्हायतर ठेवा," बयाबाई म्हणाल्या आणि उठल्या. "थांबा, लुगडं बदलतो. मी बी येतो तुमच्यासंगं."

"मावशी, गाडीवर बसवंल का तुम्हाला?"

"टरकावर बसल्याली बाई हाय म्या."

राजारामपुरीतल्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढताना त्या दोनदा थांबल्या. दार उघडलं तेव्हा संयोगिता खिडकीपाशी खुर्चीत होती. बयाबाईंना बघून तिचा चेहरा आधी घाबरला, मग उघडला. बयाबाईंनी तिचा लोंबता हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि बोलायला लागल्या. कशी आहेस असं विचारलं नाही, ओळखलंस का असंही नाही. मोबाईलच्या दुकानात दिवसभर गाणी कशी लावतात, लेकीच्या म्हशीनं रेडा कसा दिला, बाजारात वांगी किती किडकी येतात, एकातून एक निघत राहिलं. संयोगिता ऐकत होती. मधे कुठंतरी तिनं "पंखा" म्हटलं; नृसिंह पाणी आणायला उठला.

"काय पायजे गं? पाणी? की चहा करू?" त्यानं विचारलं.

"बसा हो," बयाबाई म्हणाल्या. "किती इचारता तिला, पोलिसावानी. आमचं बोलनं चाललंय." आणि संयोगिताकडं वळून, "व्हय बाई, पंखाच म्हन. तर त्या म्हशीचं सांगत व्हतो..." संयोगिता हसली. तोंडाची एकच बाजू वर गेली पण आवाज जुनाच होता, घशातून फुटणारा. झटक्यानंतर तो त्या घरात पहिल्यांदा आला. नृसिंह उठून स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला धरून उभा राहिला.

तिथूनच त्यानं ऋताला फोन केला. ताटली विकायची नाही म्हणून सांगितलं, घेतलेली रक्कम लगेच परत करतो म्हणाला. "काका, असं कसं चालेल," ती म्हणाली. "माझी सगळी भिंत त्या प्लेटवर उभी आहे. क्लायंटला मी डिझाईन दाखवून बसलेय. तुम्ही आधी सांगायचं ना." तिचं बरोबर होतं आणि तो तसं म्हणाला. ती वस्तू बायकोला भेट मिळालेली आहे हे मला माहीत नव्हतं, एवढंच त्यानं सांगितलं. दुसरं जे म्हणशील ते अर्ध्या किमतीत देतो म्हणाला. मग ऋता म्हणाली की आता तिला सगळंच दुसरीकडून घ्यावं लागेल, आधी ठरवलेल्या फरशासुद्धा नकोत. फोन ठेवल्यावर त्यानं मनाशी बघितलं, काही हललंय का. मोठं गिऱ्हाईक गेलं होतं आणि पुढचे काही महिने ओढाताणीचे जाणार हे त्याला दिसत होतं. तरी बाहेरच्या खोलीतून बयाबाईंचा आवाज येत होता तोवर त्याला त्याचं फार वाटेना.

ताटली परत खिळ्यावर गेली. बयाबाईंनी निघायच्या आधी संयोगिताची खुर्ची ओट्यापाशी आणायला लावली, परातीत पीठ घेतलं आणि तिचा डावा हात त्यात घातला. भाकरी वेडीवाकडी झाली, कडेला फाटली, तव्यावर टाकताना दुमडली. तिघांनी ती दुधाबरोबर खाल्ली. सहाच्या यष्टीत त्यानं बयाबाईंना बसवून दिलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, "दर सोमवारी येतो. तुमास्नी चालंल न चालंल."

परत आला तेव्हा दिवस अजून होता. खाली क्लासची पोरं सायकली काढत होती, रिक्षा थांबून हॉर्न देत होत्या. संयोगिता खिडकीपाशीच होती. तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला आणि सवयीनं त्याच्या तोंडात प्रश्न आला, दिवा लावू का. तो त्यानं गिळला. आज विचारायचं नव्हतं, आपणच काहीतरी सांगायचं होतं. तीस वर्षांत घरी बोलायची पाळी त्याच्यावर अशी आलीच नव्हती. बोलायची ती, तो हुंकार भरायचा. फौंड्रीतलं तर त्यानं घरी कधीच काही आणलं नाही, कपड्यांवरच्या वाळूशिवाय.

"फौंड्रीतला माझा पहिला दिवस," तो म्हणाला आणि स्वतःच्या आवाजाचा त्याला संकोच वाटला. "तुझ्याशी लग्न व्हायच्या आधीचं. मी बावीसचा असंन. भट्टीचं तोंड फोडलं आणि लोखंड पाण्यासारखं वाहत आलं. लाल न्हाय, पांढरं. मला वाटलेलं लाल असतं. बाकीचे नुसते उभे, कुणाला काही वाटंना. माझे पाय लटपटाय लागले. मी मागच्या मागं सरकत सरकत वाळूच्या ढिगामागं गेलो आणि तिथं बसलो. कुणाला दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधायला लागलो. बुटाला नाडीच न्हवती."

तो थांबला. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि सांगून झाल्यावर आता लाज वाटेल अशी तो वाट बघत होता. लाज आली नाही. संयोगिताचे डोळे त्याच्या तोंडावर होते, पूर्वी शेजारणीची गोष्ट ऐकताना असायचे तसे, पुढं काय झालं याच्या हावरेपणानं भरलेले.

"मग?" ती म्हणाली.

त्यानं स्टूल आणखी थोडं पुढं ओढलं आणि पुढचं सांगायला घेतलं.